वारकऱ्याचा राजधर्म

भक्ताने राज्यकारभारात लक्ष घालावे की घालू नये, हा प्रश्न आमच्यापुढे वरचेवर येतो. कीर्तन संपते, आरती होते, बुक्का लावून होतो, मंडळी देवळाच्या ओट्यावर टेकतात, आणि कोणीतरी विषय काढतो. "महाराज, शाळेच्या वाटेवर दारूचे दुकान आले आहे, काय करावे?" "बुवा, पाण्याची योजना कागदावर पुरी झाली म्हणतात, नळाला तर थेंब नाही." लगेच दुसरा म्हणतो, "अहो, आपल्याला काय करायचे आहे? आपण बरे, आपला विठोबा बरा." विचारणारा माळकरी, उत्तर देणाराही माळकरी. दोघांचीही वारी चुकत नाही. मग यांत धर्माचे बोलणे कोणाचे? याचा निवाडा एकदा सावकाशीने झाला पाहिजे.

पाठशाळेत आम्हांला एक शिस्त लावलेली आहे. सिद्धांत सांगण्यापूर्वी पूर्वपक्ष मांडावा, आणि तो दुबळा करून मांडू नये. समोरच्याने स्वतः जेवढ्या जोराने मांडला असता, तेवढ्याच जोराने आपण मांडावा. तेव्हा आधी 'आपल्याला काय करायचे आहे' म्हणणाराची बाजू ऐकू.

तो म्हणतो, भक्त निष्काम असावा. जो देवापाशीही काही मागत नाही, त्याने मंत्र्याच्या दारात अर्ज घेऊन ताटकळत का उभे राहावे? हा पहिला आक्षेप. दुसरा असा की, या भानगडीत पडले म्हणजे गट आले, तट आले, द्वेष आला. आपण वारकरी एकमेकांच्या पाया पडणारी माणसे. ज्याच्या पाया पडावयाचे, त्याच्याच विरुद्ध मूठ आवळून घोषणा कशी द्यावयाची? तिसरा आक्षेप असा की, कायद्याने माणूस सुधारत नाही. मन पालटेल तर नामाने पालटेल, सरकारी गॅझेटाने पालटणार नाही. आणि चौथा शास्त्राधाराचा. राजधर्म हा राजाला सांगितलेला धर्म आहे. महाभारताच्या शांतिपर्वात भीष्माचार्य शरशय्येवरून राजधर्म सांगतात ते युधिष्ठिराला, वाटेवरच्या वाटसरूला नव्हे. प्रजेने कर भरावा, आज्ञा पाळावी आणि हरिनाम घ्यावे.

या चारांतला एकही आक्षेप पोकळ नाही. म्हणून एकेकाचे उत्तर पाहू, आणि ते शेवटल्यापासून पाहू.

राजधर्म राजाचा, हे आम्हांस मान्य. पण आज राजा कोण? २६ जानेवारी १९५० पासून या देशात गादीवर बसलेला राजा नाही. आपल्या राज्यघटनेचा आरंभच मुळी लोकांच्या नावाने होतो. राजा गेला म्हणजे राजधर्म गेला, असे समजू नये. धर्म बेवारस राहत नसतो, फक्त वारस बदलतो. जो उपदेश पूर्वी एका युधिष्ठिराला होता, तो आता सांगोल्याच्या मेंढपाळाला आहे, सोलापुरात विड्या वळणाऱ्या बाईला आहे, तुम्हांआम्हांला आहे. कोठाराची किल्ली ज्याच्या हाती, दुष्काळाचा जाब त्यालाच. किल्ली कमरेला बांधून ठेवावयाची आणि जाब विचारला की "मी बापडा विठोबाचा दास" म्हणावयाचे, हे दास्य नव्हे.

आणि ही किल्ली फुकट हाती आलेली नाही. सोलापूरकरांस तरी हे सांगावयास नको. मे १९३० मध्ये या शहरावर इंग्रज सरकारने मार्शल लॉ पुकारला. १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिले. चौघे चार समाजांचे. ज्या अधिकारासाठी त्यांनी मान दिली, तो अधिकार आपण आळसाने न वापरणे आणि त्याला वैराग्य म्हणणे, हे कसे शोभेल?

आता पहिला आक्षेप, निष्कामतेचा. याचे उत्तर आपल्याच जिल्ह्यातल्या एका संतकथेत आहे.

मंगळवेढ्याचे दामाजीपंत कोणास ठाऊक नाहीत? महिपतीबुवांनी भक्तविजयात त्यांचे चरित्र गायले आहे. बेदरच्या बादशहाच्या चाकरीत पंत मंगळवेढ्याला अधिकारी होते. दुष्काळ पडला, माणसे अन्नान्न करू लागली, आणि पंतांनी सरकारी कोठारे उघडून धान्य वाटले. बादशहाने त्यांना धरून आणण्याचा हुकूम सोडला. तेव्हा पांडुरंगाने विठू महाराचे रूप घेऊन धान्याची किंमत दरबारात भरली. या कथेवर कीर्तन करताना आम्ही देवाच्या कृपेचे वर्णन करतो, श्रोत्यांच्या डोळ्यांना पाणी येते, आणि ते योग्यच आहे. पण कथेत एक प्रश्न दडून राहिला आहे. दुष्काळ काही मंगळवेढ्याची शीव पाहून पडत नाही. ज्या ठाण्यावर दामाजी नव्हते, तिथल्या लोकांचे काय झाले असेल? तिथेही कोठार असेल, कोठारात धान्य असेल, दारावर अधिकारी असेल. नसेल ती फक्त दया. दया थोर खरी, पण ती एका माणसाच्या अंतःकरणात वस्ती करते. त्याची बदली झाली की तीही गेली.

मग दयेला कायमचे घर कसे मिळावे? १९७२ च्या दुष्काळाकडे पाहा. तो आमच्या बाळपणचा. सोलापूर जिल्ह्यात रणरणत्या उन्हात खडी फोडणाऱ्या बाया, शाळेत मिळणारी सुकडी, मिलोची तांबडी भाकरी, हे ज्यांनी पाहिले ते विसरणार नाहीत. त्या दुष्काळाच्या आधीच, १९६५ साली, सांगली जिल्ह्यात तासगाव तालुक्यातील विसापूर येथे एक प्रयोग झाला होता. त्यामागे वि. स. पागे होते. ते त्या वेळी आपल्या राज्याच्या विधान परिषदेचे सभापती होते. त्यांचे म्हणणे साधे होते. काम करावयास तयार असलेल्या माणसाला उपाशी ठेवण्याचा अधिकार सरकारला नाही. मागेल त्याला काम दिले पाहिजे. दुष्काळात गावोगावच्या स्त्रीपुरुषांनी कामासाठी मोर्चे काढले, आणि या विचाराला जोर आला. १९७७ साली विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा केला, आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. काम मागितल्यापासून पंधरा दिवसांत काम द्यावयाचे, न दिले तर बेकारी भत्ता द्यावयाचा. आणि पैसा कोठून आणला, हेही लक्षात घ्या. १९७५ साली व्यवसाय कर बसवला. म्हणजे शहरातल्या पगारदाराच्या पगारातून दरमहा थोडे कापून ते खेड्यातल्या खडी फोडणाऱ्या हातावर ठेवले. पुढे २००५ साली संसदेने देशभरासाठी असा कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राचा हा अनुभव त्यांच्यापुढे होता.

दामाजीपंतांच्या कोठारापुढे उभा असलेला माणूस हात जोडून उभा होता. पंत दयाळू निघाले, हे त्याचे नशीब. कायद्याखाली काम मागणारी बाई मान वर करून उभी राहिली. समोरचा कारकून दयाळू असो वा खाष्ट असो, तिला काम देणे त्याला भाग होते. दामाजीने जे एकदा केले ते रोज घडावे, कोणीही अधिकारी असला तरी घडावे, यासाठी केलेली व्यवस्था म्हणजे चांगला कायदा. असे कायदे मागणे म्हणजे दामाजीचेच व्रत चालवणे होय.

आता निष्कामतेचे काय? पागे यांना स्वतःला खडी फोडावयाची नव्हती. त्यांनी मागितले ते दुसऱ्यासाठी. दुसऱ्यासाठी मागणे ही सेवा आहे, तिला कामना म्हणत नाहीत. माउलींनीही ग्रंथाच्या शेवटी दान मागितले, पण ते अवघ्या विश्वासाठी. "मग जी बाई स्वतःच्या पोटासाठी काम मागते, ती सकाम झाली काय?" असा प्रश्न कोणी करील. त्यास आमचे उत्तर असे की, भूक हा लोभ नव्हे. आणि जो जेवून उठला आहे, त्याने उपाशी माणसाला निष्कामतेचा उपदेश करणे, याला अध्यात्म म्हणता येत नाही. ती सोय झाली.

तिसरा आक्षेप, कायद्याने मन पालटत नाही. हे अर्धे खरे आहे, आणि अर्धे खरे फार फसवते.

पंढरपुरात महाद्वारापाशी चोखोबांची समाधी आहे. तिचे दर्शन घेऊन आपण आत जातो. पण शतकानुशतके चोखोबांच्या जातीच्या माणसाला त्या पायरीपुढे पाऊल टाकता येत नव्हते. संतांची शिकवण होती, अभंग होते, कीर्तने होत होती, आणि दार बंद होते. नुसत्या उपदेशाने भागते, असे म्हणणाराने या दाराकडे एकदा पाहावे. मग साने गुरुजी उभे राहिले. त्यांची रीत नीट पाहण्यासारखी आहे. त्यांनी आधी काही महिने महाराष्ट्रभर हिंडून गावोगाव लोकांना विनवले. कित्येक गावांत देवळे आणि पाणवठे त्या विनवणीनेच खुले झाले. एवढे केल्यावर १ मे १९४७ रोजी ते पंढरपुरात उपोषणाला बसले. जागा दिली ती तनपुरे महाराजांच्या मठाने. विरोध करणारेही विठ्ठलाचेच म्हणवणारे होते आणि आसरा देणारेही विठ्ठलाचेच होते, ही गोष्ट आपण विसरू नये. दादासाहेब मावळंकरांनी मध्यस्थी केली, बडवे मंडळींनी दार उघडण्याचे मान्य केले, आणि १० मे रोजी उपोषण सुटले. त्याच वर्षी मुंबई प्रांतात हरिजनांच्या मंदिरप्रवेशाचा कायदाही झाला.

यांत मन आधी की कायदा आधी? गुरुजींचा दौरा नसता, तर कायदा कागदावर राहिला असता. पोलीस उभा करून दर्शन घडवावे लागले असते. आणि कायदा नसता, तर प्रत्येक देवळाच्या दारी पुन्हा एक साने गुरुजी उपाशी बसवावे लागले असते. मन हे नांगरलेले रान आणि कायदा हा त्याचा बांध. नुसत्या बांधाने पीक येत नाही, पण बांध नसेल तर पहिल्याच पावसात माती वाहून जाते.

"उपोषण म्हणजे दडपणच नव्हे काय?" असे विचारणारे तेव्हाही होते, आजही आहेत. प्रश्न रास्त आहे. उपोषण हे धारदार शस्त्र आहे, भाजी चिरायला काढावयाचे नव्हे. गुरुजींच्या बाबतीत दोन गोष्टी पाहाव्यात. मंदिराचे दार त्यांना स्वतःला बंद नव्हते; ब्राह्मण कुळात जन्मलेल्या त्या माणसाला कोणी अडवले नसते. आणि दारोदार विनवणी करून झाल्यावर ते शेवटी उपोषणाला बसले. ज्याचा स्वतःचा काही लाभ नाही आणि ज्याने विनवणी आधी केली आहे, त्याचे उपोषण वेगळे. उठल्यासुटल्या आपल्याच गटाच्या लाभासाठी मांडव घालून बसणे वेगळे.

पंढरीचीच आणखी एक हकीकत धीर शिकवणारी आहे. मंदिरावरचे बडवे-उत्पातांचे वंशपरंपरेचे हक्क संपवून कारभार सार्वजनिक समितीकडे द्यावा, यासाठी १९७३ साली पंढरपूर मंदिरे अधिनियम झाला. त्यावर कोर्टकज्जे चालले. शेवटचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने दिला तो २०१४ च्या जानेवारीत. कायदा झाल्यापासून चाळीस वर्षे! ज्यांनी पहिली मागणी केली, त्यांतले किती जण तो दिवस पाहावयास उरले असतील? वारकऱ्याला हे कळावयास जड नाही. आपण आज चाललो म्हणजे आजच पंढरी येते असे नाही, पण आजचा मुक्काम चुकवून चालत नाही.

राहिला दुसरा आक्षेप, द्वेषाचा. आम्हांला स्वतःला हाच सर्वांत भारी वाटतो. याचे उत्तर आम्ही ग्रंथातून देत नाही, वाटेवरून देतो.

माउलींच्या पालखीबरोबर चाललेल्यांनी समाजआरती पाहिली आहे. मुक्कामाच्या तळावर सगळ्या दिंड्या गोल उभ्या राहतात. टाळमृदंगाचा कल्लोळ चाललेला असतो. चोपदार दंड वर करतो आणि क्षणात सगळे शांत होते. पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल, तिचे टाळ थांबत नाहीत. ते वाजतच राहतात. मग चोपदार त्या दिंडीकडे जातात, गाऱ्हाणे ऐकून घेतात, निवाडा सांगतात, मग ते टाळ थांबतात, आणि मग आरती होते. हजारो माणसे तोवर तिष्ठत उभी असतात. कोणी म्हणत नाही की, या दिंडीने सोहळ्यात विघ्न आणले.

या एका रिवाजात लोकशाहीचे सारे मर्म आले आहे असे आम्हांस वाटते. तक्रार करणारी दिंडी सोहळा सोडून जात नाही. चोपदाराचा दंड हिसकावत नाही. शेजारच्या दिंडीवर धावून जात नाही. हातातले टाळ, जे भजनाला वाजले, तेच तक्रारीला वाजतात. आणि ऐकणाराचीही शिस्त आहे: गाऱ्हाणे ऐकल्यावाचून आरती करावयाची नाही. सरकार चोपदारासारखे असावे आणि नागरिक त्या दिंडीसारखा असावा. तक्रारीने सोहळा मोडत नाही. तक्रार दाबल्याने मोडतो. एवढे सांभाळले तर द्वेषाला शिरायला जागा उरत नाही.

द्वेष शिरतो तो बहुधा ऐकीव गोष्टींतून. याचे उदाहरण आपल्याच घरचे आहे. जादूटोणा आणि नरबळी यांविरुद्धच्या कायद्याची चर्चा महाराष्ट्रात अनेक वर्षे चालली होती. "हा कायदा झाला तर वारी बंद, कीर्तन बंद, माळ घालणे गुन्हा," असे फडाफडांत बोलले जाई. वारकऱ्यांच्या अनेक संघटनांनी विरोध केला, निवेदने दिली, मोर्चे काढले. मसुदा पुनःपुन्हा बदलला. २० ऑगस्ट २०१३ रोजी, या कायद्यासाठी झटणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा पुण्यात गोळ्या घालून खून झाला. त्यानंतर थोड्याच दिवसांत वटहुकूम निघाला आणि डिसेंबर २०१३ मध्ये विधिमंडळाने कायदा मंजूर केला. त्या कायद्यात स्पष्ट लिहिले आहे की यात्रा, प्रदक्षिणा, हरिकीर्तन, प्रवचन, भजन यांना तो लागू नाही.

यांतून शिकावयाचे ते असे. निवेदन देणे, चर्चेला बसणे, शब्द नेमके करून मागणे, हा नागरिकाचा हक्क. ज्यांनी तो बजावला त्यांनी गैर केले नाही. कीर्तन वगळल्याचे कायद्यात लिहिलेले असणे सर्वांच्याच हिताचे झाले. पण मसुदा हाती न घेता नुसत्या कर्णोपकर्णी आलेल्या शब्दावर मूठ आवळणे हे वारकऱ्याला शोभत नाही. पोथी न वाचता तिचा अर्थ सांगणाराला आपण काय म्हणतो? तोच न्याय येथे. आणि कायद्याच्या वादात ज्याने माणसाच्या जिवावर हात टाकला, तो धर्माच्या बाजूचा होता असे कोणी म्हणू नये. त्याने वाद सोडला आणि धर्मही सोडला.

चारही आक्षेपांचा विचार झाला. आता ओट्यावरच्या मंडळींना हवे असते ते सांगतो: प्रत्यक्ष करावे काय?

आरंभ गावातून करावा. १९९२ साली झालेल्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला घटनेत स्थान मिळाले. गावच्या मतदार यादीत ज्याचे नाव, तो ग्रामसभेचा सभासद. आपल्या राज्यात ग्रामसभेच्या आधी बायकांची वेगळी सभा घ्यावयाची, असाही नियम आहे. काकड्याला पहाटे चारला उठणारी माणसे ग्रामसभेला दुपारी अकरालाही जात नाहीत, आणि मग पाचपन्नास सह्यांवर गावाचा कारभार चालतो. सभेला जावे, आपला विषय आधी लेखी द्यावा, ठराव झाला तर तो इतिवृत्तात लिहिला की नाही हे वाचून पाहावे.

दुसरे, तोंडी काही मागू नये. अर्ज लिहावा, दोन प्रती कराव्यात, एकीवर तारखेची पोच घ्यावी. पोच नसलेला अर्ज म्हणजे पत्ता न लिहिलेले पत्र. तालुक्याला काम झाले नाही, तर जिल्हाधिकारी कचेरीत महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो. तेथे ती पोच घेऊन जावे. दाखले-उतारे यांसाठी २०१५ चा लोकसेवा हक्काचा कायदा आहे. कोणती सेवा किती दिवसांत मिळावी, हे त्याखाली ठरवून दिलेले असते, आणि त्याचा फलक कचेरीत लावलेला असावा लागतो.

तिसरे, माहिती मागावी. यासाठीही महाराष्ट्रात मोठी चळवळ झाली. राळेगणसिद्धीचे अण्णा हजारे यांनी उपोषणे केली, तिकडे राजस्थानात मजुरांच्या संघटनेने गावातल्या कामांचे हिशेब चव्हाट्यावर वाचून दाखवले. राज्यात २००२ चा कायदा झाला, आणि १२ ऑक्टोबर २००५ पासून देशाचा माहितीचा अधिकार अमलात आला. दहा रुपये शुल्काचा साधा अर्ज, तीस दिवसांत उत्तर, न मिळाल्यास अपील. नळाला पाणी नसेल तर शिव्या देण्यापूर्वी विचारावे, की योजनेवर किती खर्च पडला, काम कोणी तपासले, पूर्णत्वाचा दाखला कोणी दिला. नेमका प्रश्न शंभर घोषणांना भारी असतो.

चौथे, दारूच्या दुकानाचे. २००८ साली सरकारने गावाला मतदानाचा मार्ग दिला. लोक त्याला 'उभी बाटली, आडवी बाटली' म्हणतात. त्या नियमाची रीत अशी की, गावातल्या एक चतुर्थांश महिला मतदारांनी किंवा एकूण मतदारांनी सह्यांचे निवेदन द्यावयाचे. सह्यांची पडताळणी होते. मग गुप्त मतदान. कागदावर दोन बाटल्या, उभी म्हणजे दुकान राहू दे, आडवी म्हणजे बंद करा. ग्यानबाची मेख अशी की, निम्म्याहून अधिक मते लागत ती यादीतल्या मतदारांच्या हिशेबाने, आलेल्यांच्या हिशेबाने नव्हे. म्हणजे जी घरी बसली, तिचे मत आपसूक उभ्या बाटलीला गेले! तटस्थ राहणाराला याहून चांगला आरसा कोणता? असल्या नियमांच्या अटी वेळोवेळी बदलतात, म्हणून निवेदन करण्यापूर्वी उत्पादन शुल्क खात्याच्या कचेरीत चालू नियम लेखी विचारून घ्यावा.

पाचवे, कायदा होत असतानाच बोलावे. पुष्कळ नियमांचे मसुदे राजपत्रात छापून हरकती आणि सूचना मागवतात, मुदत ठरलेली असते. विधिमंडळ एखादे विधेयक चिकित्सा समितीकडे पाठवते, तेव्हा ती समितीही लोकांची मते मागवू शकते. विधिमंडळाची विनंती अर्ज समिती आहे. आपला आमदार आपल्या वतीने अशासकीय विधेयक मांडू शकतो. आणि जिथे दुबळ्याचा हक्क तुडवला जातो, तिथे उच्च न्यायालयात जनहित याचिका करता येते. पंढरीच्या वारीनंतर माणसांना हातांनी मैला उचलावा लागे. त्याविरुद्ध सफाई कामगारांच्या प्रश्नावर झटणाऱ्या संघटनेने मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली, आणि न्यायालयाच्या आदेशांनी सरकारला शौचालयांची व्यवस्था वाढवणे भाग पडले. वारीच्या पुण्यात त्या याचिकेचाही वाटा आहे, असे आम्ही मानतो.

आणि हे सारे एकट्याने करू नये, दिंडीने करावे. सोलापुरात विडी कामगार बायांनी संघटना केली, सहकारी संस्था काढली, वर्षानुवर्षे सरकारच्या मागे लागल्या, आणि कुंभारी येथे दहा हजार घरांची वसाहत २००६ साली उभी राहिली. पुढे त्याच वाटेने रे नगरची मोठी योजना आली, आणि तिच्यातली पंधरा हजार घरे जानेवारी २०२४ मध्ये कामगारांच्या हाती आली. पुढाकार लाल बावट्याच्या नरसय्या आडम मास्तरांचा. देवाधर्माच्या बाबतीत त्या मंडळींचे आणि आमचे जमणार नाही. पण दिवसभर विड्या वळून बोटे झिजलेल्या बाईच्या डोक्यावर छप्पर आले, याचा आनंद मानायला मतैक्याची गरज काय?

एकट्याने करू नये याला आणखी कारण आहे. यांत धोका असतो, तो लपवून उपयोग नाही. माहिती मागणारे सतीश शेट्टी यांचा तळेगाव दाभाडे येथे जानेवारी २०१० मध्ये खून झाला. गावातही अर्ज करणाराच्या बांधावरचे झाड तुटते, पाणी अडते, सोयरिकीत अडथळे येतात. म्हणून अर्जावर एक सही असू नये, पन्नास असाव्यात. जो पुढे झाला, त्याच्या मागे गाव उभे राहिले पाहिजे. विणेकरी एकटा पुढे चालतो तो मागे टाळकरी आहेत या भरवशावर.

एवढे सांगून एक पथ्यही सांगितले पाहिजे. जी गोष्ट मागावयाची, ती सर्वांसाठी मागत आहोत की केवळ आपल्या जातीला, आपल्या पंथाला, आपल्या गल्लीला, हे स्वतःला विचारावे. आपल्यापेक्षा दुबळ्याला या मागणीने काय सोसावे लागेल, हे पाहावे. आपण संख्येने पुष्कळ आहोत एवढ्याच बळावर मागितलेला कायदा हा लोकांच्या नावाने केलेला जुलूम होऊ शकतो. अर्जात खोटे लिहू नये. आणि कायदा झाला की तो आधी स्वतः पाळावा. दारूबंदीचे मत देऊन घरच्या लग्नात पेटी फोडणारा माणूस कायदा आणि व्रत दोन्ही बुडवतो.

तेव्हा ओट्यावरच्या त्या दोघांचा निवाडा काय? 'आपण बरे, आपला विठोबा बरा' म्हणणाराला विचारावयाचे ते इतकेच की, तुझा विठोबा दामाजीसाठी दरबारात गेला. तू ग्रामसभेत जावयास का लाजतोस? आणि जो तक्रार घेऊन आला आहे, त्याला सांगावयाचे की, टाळ खाली ठेवू नकोस. गाऱ्हाणे ऐकले जाईपर्यंत वाजव, पण ताल सोडू नकोस आणि दिंडी सोडू नकोस.

रामकृष्णहरी.